सॅमसन कंडक्टरचा नवा तांदूळ

शहापुरात सॅमसन झिराडकरला ओळखत नाही असा माणूस मिळणं कठीण, आणि त्याला खुर्चीत बसलेला पाहिलाय असा मिळणं त्याहून कठीण. बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होता. शहापूर-डोळखांब, शहापूर-किन्हवली, शहापूर-मुरबाड, याच रस्त्यांवर दोन बाकांच्या मधल्या वाटेत उभा राहून त्याने उमेदीची वर्षं काढली. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला तेव्हा लोकांना वाटलं, आता तरी बूड टेकेल. कसलं टेकतंय. चहा खिडकीशी उभ्याने, पेपर दारात उभ्याने, आणि जेवताना दोन घास झाले की कशाला तरी उठायचंच. "आमच्याकडे खुर्च्या चार आणि बसणारी मी एकटी," असं त्याची बायको फ्लोरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. नाव सॅमसन, बायबलातल्या पहिलवानाचं; वजन बावन्न किलो. अंगावर मांस धरायला माणूस एका जागी सापडला तर पाहिजे.

झिराडकर मंडळी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. मूळ अलिबागेकडच्या झिराडचे. सॅमसनचे पणजोबा तेलाचा घाणा घेऊन इकडे वर आले आणि इथलेच झाले. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा पवित्र वार, शुक्रवारी संध्याकाळीच लागणारा; त्या दिवशी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पुढे घाणा गेला, शनिवार राहिला. सॅमसन नोकरीतसुद्धा शनिवारची सुटी मागून घ्यायचा, त्यामुळे डेपोत सगळ्यांची पक्की समजूत, की हा मारुतीचा कडक भक्त. दर आठवड्याला कोणी ना कोणी तेलाची बाटली त्याच्या हातात ठेवायचं, "सॅमभाऊ, आमच्या नावाने तेवढं घाला." पहिली दोन वर्षं त्याने समजावून पाहिलं. मग दमला, आणि शुक्रवारी दिवस मावळायच्या आत त्या बाटल्या खरोखरच मारुतीच्या देवळात पोचवायला लागला. तिथल्या पुजाऱ्याच्या मते असा भक्त पंचक्रोशीत दुसरा नव्हता.

घरात सण बरेच, आणि निम्म्यांची नावं खाण्यावरून. वालाचं बिरडं खाऊन उपास सुटतो तो बिरड्याचा सण. आंबवलेलं सगळं आठ दिवस झाकून ठेवायचं तो अनशी धाकायचा सण. नवं वर्ष लागतं तो नव्याचा सण, आणि त्यापासून चौथ्या दिवशी खिरीचा सण. या शेवटच्यावर झिराडकरांचा फार जीव. नवा तांदूळ, नारळाचं दूध आणि गूळ, बस. अट एकच, तांदूळ त्याच पावसाळ्यात शेतात वाढलेला पाहिजे. ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये एकदा एका शिकलेल्या गृहस्थाने सॅमसनला सांगितलं, की हा सण कुठल्याच ग्रंथात नाही. सॅमसनने ते घरी येऊन सांगितलं, तेव्हा त्याची मोठी बहीण म्हणाली, "ग्रंथात नसेल. आपल्या पातेल्यात आहे."

ही बहीण म्हणजे सिप्पोरा. त्याच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. तो तिला बाय म्हणायचा. आई गेली तेव्हा सॅमसन सहा वर्षांचा होता. बायने त्याला न्हाऊमाखू घातलं, शिकवलं, बदडलंही. स्वतः मुरबाडच्या शाळेत हेडबाई होऊन निवृत्त झाली. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "एक मूल आयतं मिळालं होतं, आणखी कशाला." वर्षानुवर्षं खीर तीच करायची. गुडघे गेले तेव्हा कामगिरी सॅमसनकडे आली, आणि बाय मुरबाडहून शहापूरला खायला यायला लागली.

बायच्या नाकाची घरात दहशत होती. सॅमसनने पंधराव्या वर्षी ओढलेली विडी तिने बंद दाराआडून ओळखली होती. मासळीबाजारात ती हात न लावता सांगायची, कुठली सकाळची आणि कुठली कालची.

गेल्या वर्षी घोटाळा झाला. नोकरी होती तोवर सोपं होतं. डोळखांबच्या गाडीवर गेलं, की कोणीतरी भाताच्या लोंब्यांची जुडी आणून द्यायचं, "कंडक्टर, घ्या तुमच्या खिरीला." गाडी सुटली आणि जुडीही सुटली. सॅमसन मोटरसायकल काढून निघाला, तर शेणव्याच्या पुढे चाक पंक्चर आणि वर पाऊस. ढकलत ढकलत परत येताना एका दुकानात नव्या तांदळाचं पोतं दिसलं. दुकानदाराचा नवा म्हणजे मागच्या दिवाळीचा, हे सॅमसनला कळत होतं. पण तो भिजला होता, वैतागला होता. तांदूळ तो तांदूळ, असं स्वतःला समजावत त्याने अर्धा किलो बांधून घेतला. संध्याकाळी खीर झाली, उदाचा धूर झाला, प्रार्थना झाली. बायने दोन चमचे खाल्ले. समोर पाटावर बसलेल्या सॅमसनकडे बघितलं आणि वाटी खाली ठेवली.

"सॅमसन, तांदूळ शेतातून आणलास?"

"हो, डोळखांबचा," तो म्हणाला.

"हा तांदूळ नवा नाही," बाय म्हणाली, आणि चपला घालून जी गेली ती गेली.

त्यानंतर वर्षभर ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. फोन करायची तो फ्लोराला. निरोप असला तर "त्याला सांग." अनशी धाकायच्या सणाला आली नाही. सॅमसनला साठ वर्षं पूर्ण झाली तेव्हा आली नाही. त्याने खपून केलेला गव्हाच्या चिकाचा हलवा डब्यातून पाठवला, तर डबा स्वच्छ धुऊन परत आला, आत चिठ्ठी नाही की काही नाही. इतकी वर्षं तिचा ओरडा खाल्लेला माणूस हा. ओरडा त्याला पचायचा, गप्प बसणं पचेना. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई मुरबाडला एकटी राहते, आपण तिच्या गल्लीवरून जातो आणि आत जाता येत नाही, याने तो आतून पोखरला होता. तांदळाचं त्याला काही पडलं नव्हतं. त्याला बाय परत पाहिजे होती.

मग श्रावणात फ्लोराला फोन आला. बाय म्हणाली होती, "त्याला सांग, तांदूळ खरोखर नवा असेल तर येईन. मिळाला नाही, तर नाही मिळाला म्हणून सांग." सॅमसनने पहिलं वाक्य ऐकलं आणि दुसरं ऐकायच्या आत मोटरसायकलची चावी शोधायला लागला.

पण यंदा अधिक महिना आडवा आला. एरवी नव्याचा सण पडतो तो घटस्थापनेच्या सुमाराला, तोवर हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात हाताशी येतं. यंदा लोकांचे सण पुढे गेले आणि झिराडकरांच्या पंचांगात तो महिना नसल्याने त्यांचा मात्र आधीच येऊन बसला. खिरीचा सण नेमका गणपतीच्या दिवशी. त्या वेळी सगळ्या तालुक्यात भात हिरवंगार, कुठे नुकतं पोटरीत, कुठे दुधात.

सॅमसनने आठवडाभर पायाला भिंगरी लावली. किन्हवलीकडे गेला, भात हिरवं. वैशाखऱ्यापर्यंत जाऊन आला, तेही हिरवं. वैशाखऱ्याला जायचं म्हणजे मुरबाडवरून जावं लागतं, म्हणून बाजारपेठेतून जाताना बायला दिसू नये यासाठी हेल्मेटची काच खाली. त्या भानगडीत एका हातगाडीला धडकता धडकता वाचला. ओळखीच्या शेतकऱ्यांना तो बांधावर उभा राहून विचारी, "झालं काय?" आणि ते हसत, "कंडक्टर, भाताला घंटी मारून पळवता येत नाय." मग शनिवार-रविवार नव्याचा सण आला. ते दोन दिवस बाहेर पडायची सोय नाही. सॅमसनने घरातल्या घरात इतक्या फेऱ्या मारल्या, की खालच्या मजल्यावरच्या सारिकाने वर येऊन विचारलं, कोणी आजारी आहे का.

"आजारी नाही," फ्लोरा म्हणाली. "भात पिकायची वाट बघतायत."

सोमवारी सकाळी तो डोळखांबला निघाला. उरला होता तो हाच एक दिवस. डोळखांबच्या पुढे जंगलाला लागून असलेल्या एका पाड्यात कमळू राहायचा. एसटीतला जुना प्रवासी, गाडीवर लोंब्यांची जुडी आणून देणाऱ्यांतला एक. त्याचं माळावरचं भात सगळ्यांच्या आधी होतं, हे सॅमसनला ऐकून माहीत होतं.

कमळू अंगणात कुडाला शेण लावत होता. "या कंडक्टर. तिकीट फाडायला आलं काय?"

"कमळूदादा, माळावरचं भात झालं काय?"

"तेवढंच झालंय. खालचं अजून दुधात हाय."

सॅमसनला त्याला मिठी मारावीशी वाटली. "मग मूठभर लोंब्या दे. उद्या खिरीचा सण हाय आमचा."

कमळूने हात थांबवला आणि ओटीवर बसलेल्या आईकडे बघितलं. बाईजा ऐंशीच्या पुढची, हातात रिकामा डबा नि काठी. शेतावर पाखरं उतरली की ती इथूनच डबा वाजवायची.

"नाय भेटायच्या," बाईजा म्हणाली. "पितरांना दाखवल्याबिगर नवा दाना आमी तोंडात घालत नाय आन् घराबाहेर बी देत नाय. पितरी झाली का ये, टोपलीभर ने."

"दर साली तर देता, मावशी."

"दर साली तू पितरीच्या मागून येतस. औंदा पुढं आलास."

"मी नाय आलो पुढं. अधिक महिना आला."

"तुमचा देव थांबत नाय काय म्हयनाभर?"

"देव थांबंल," सॅमसन म्हणाला. "बहीण नाय थांबत."

बाईजाला हे नवीन होतं. तिने त्याला बसायला सांगितलं. तो नको म्हणाला. "बस रे, वर बघून मान दुखते माझी," असं म्हटल्यावर तो ओटीच्या कडेला टेकला. सांगायला लागला आणि तिसऱ्या वाक्याला उठलाच. अंगणात येरझाऱ्या घालत त्याने सगळं सांगितलं. दुकानातला तांदूळ, दोन चमचे, चपला, वर्षभराचं मौन, रिकामा डबा. कमळू काम सोडून ऐकत होता.

"म्हंजे गेल्या साली खोटं बोललास तिच्याशी," बाईजा म्हणाली.

"होय."

"मंग औंदा पन दुकानातला ने. म्हातारीला काय कळतंय."

"तिला कळतं. तिचं नाक तुला ठावं नाय."

"आन् कळलं नसतं तर?"

सॅमसन थांबला. हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नव्हता. "तरी नको," तो म्हणाला. "एकदा केलं तेच पुरे झालं."

बाईजा शेताकडे वळली. मग काठीने दाखवून म्हणाली, "त्यो बांध दिसतो? त्याच्याकडंच्या दोन ओळी पाखरांच्या. त्या आमी कापत नाय आन् तिथली पाखरं हाकलत बी नाय. पाखरानं खाल्लं त्याला पितर काय बोलत नाय. जा. आज तुला पाखरांत धरते."

सॅमसनला एवढा आनंद झाला, की तो कमळूच्या भिंतीवरचा कोयता काढायला धावला.

"पाखरू कोयता आनतं काय?" बाईजाने विचारलं.

त्याने कोयता ठेवला. मोटरसायकलला अडकवलेली पिशवी काढली.

"पाखरू पिशवी आनतं काय?"

पिशवी परत अडकवली. मग घराच्या मागच्या दाराने शेतात उतरायला निघाला, तर म्हातारीचा डबा वाजला. "पाखरू माझ्या घरातनं जातं काय? भायेरनं जा, बांधावरनं."

बांध शेवाळलेला. सॅमसन दोनदा घसरला आणि एकदा गुडघ्यापर्यंत चिखलात गेला. पाखरांच्या ओळीत पोचला, तर तिथे खरी पाखरं आधीच बसलेली. ती उडाली, त्याला बघून घेतलं, आणि बांधाच्या दुसऱ्या टोकाला परत उतरली. अर्धा तास तो एकेक लोंबी बोटांनी खुडत होता. कोरडी निवडावी तर पाखरांनी आधीच पोकळ केलेली निघे. शर्टाचा खिसा भरला, पँटचे दोन्ही भरले, मागचे भरले. ओटीवरून बाईजा मधूनमधून ओरडायची, "चोचीनं घे, चोचीनं," आणि कमळू हसून हसून खोकायला लागला होता. बत्तीस वर्षं लोकांना शिस्तीत उभं करणारा कंडक्टर आज एका म्हातारीच्या शिस्तीत वाकला होता, आणि कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटत होतं.

निघताना तो दुरूनच हात जोडून म्हणाला, "मावशी, उपकार झाले."

"कसलं उपकार," बाईजा म्हणाली. "मी कायच दिलं नाय. मी पाखरू पायलं."

खिशांतून लोंब्या बाहेर डोकावतायत असा तो मोटरसायकलवाला शेणव्याच्या नाक्यावर लोकांनी वळून वळून पाहिला.

गणपतीच्या दिवशी सकाळपासून फ्लोरा त्या लोंब्यांच्या मागे. दाणे ओलसर होते, ते तव्यावर हलके भाजले, खलबत्त्यात जपून कांडले, सुपात पाखडले. तूस उडून गेल्यावर हाती दीड मूठ तांदूळ राहिला, हिरवट पांढरा, थोडा तुटका. सॅमसन दर पाच मिनिटांनी येऊन बघायचा. "एवढाच?"

"पाखराला एवढा पुष्कळ," फ्लोरा म्हणाली.

बाय साडेपाचला येते म्हणाली होती. पाच वाजता तांदूळ शिजला, गूळ पडला, नारळाचं दूध पडलं. खालून सारिकाच्या घरातून आरतीला बोलावणं आलं. शेजारधर्म, गेलंच पाहिजे. फ्लोराने चमचा सॅमसनच्या हातात दिला. "दहा मिनिटं. ढवळत राहायचं. हलायचं नाही इथून."

"बरं."

"बरं नाही. हलायचं नाही म्हणजे नाही."

सॅमसन ढवळत राहिला. दोन मिनिटं झाली. रस्त्यावर ताशा वाजायला लागला. गणपती घेऊन येणाऱ्यांची गर्दी असेल, बायची रिक्षा अडकेल, तिला कोपऱ्यावर उतरून चालावं लागेल, आणि गुडघे तर तसले. तो गॅस बारीक करून गॅलरीत गेला. रिक्षा दिसली नाही. परत आला, ढवळलं. पुन्हा गेला. मग चप्पल घालून कोपऱ्यापर्यंतच बघून येऊ म्हणाला. कोपऱ्यावर नव्हती, म्हणून पुढच्या कोपऱ्यापर्यंत. परत जिन्यात पाऊल ठेवलं तेव्हा वास आला.

फ्लोराही त्याच वेळी वर आली होती. दोघं पातेल्याकडे धावली, पण खीर बुडाला लागली होती.

"मी म्हटलं होतं," फ्लोरा म्हणाली, पण सॅमसनचं तोंड बघवत नव्हतं. तिने न खरवडता वरची खीर दुसऱ्या पातेल्यात काढली, वेलची घातली, आणखी गूळ घातला. चाखली. तोंड वाकडं केलं. "अहो, डब्यात आंबेमोहोर आहे. वीस मिनिटांत दुसरी होते. त्यात हे दोन चमचे कालवू. म्हणजे नवा तांदूळ आहेच की त्यात. खोटं कुठे झालं?"

सॅमसनने डब्याकडे बघितलं. मोह झाला नाही असं कसं म्हणावं? आठवडाभराची वणवण, चिखल, त्या पाखरांच्या ओळी, सगळं एका पातेल्याच्या बुडाला काळं होऊन बसलं होतं. बाय आत येईल, पहिला श्वास घेईल आणि पुन्हा चपला घालेल. आंबेमोहोराचा डबा हाताच्या अंतरावर होता. त्याने तो उचललासुद्धा. मग खाली ठेवला आणि म्हणाला, "नको. हीच दे."

"बघा हं."

"हीच दे, फ्लोरा."

बाय सहा वाजता आली, एका हाताने रिक्षाचा दांडा धरून हळूहळू उतरली. वर्षभरात बारीक झाली होती. सॅमसनने जिन्यात तिचा हात धरला, तिने तो काढून घेतला नाही. वर आल्यावर खुर्चीत बसली, पाणी प्यायली, फ्लोराची चौकशी केली. करपट वासाबद्दल काही बोलली नाही. सॅमसनला ते आणखी वाईट वाटलं. एकदा बोलली असती तर सुटलो असतो, असं त्याला झालं. तो भिंतीला टेकला, खिडकीशी गेला, परत आला.

धुपाटण्यात ऊद घातला. सॅमसनने शेमाची प्रार्थना म्हटली. फ्लोराने वाट्या भरल्या. बायने एक चमचा खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसरा खाल्ला. मग विचारलं, "कशी झालीय?"

"छान झालीय की, बाय," फ्लोरा घाईने म्हणाली. "तांदूळ अगदी कालचा, शेतातला."

"तुला नाही विचारलं. सॅमसन, कशी झालीय?"

हिला सगळं कळलंय आणि ही मला पारखतेय, असं त्याला वाटलं. छान म्हणावं, तर गेल्या वर्षीचं पुन्हा. करपली म्हणावं, तर ज्याच्यासाठी एवढं केलं ते हातचं जाईल.

"करपलीय, बाय," तो म्हणाला. "तांदूळ नवा आहे, खुडून आणलाय. पण तुझी रिक्षा बघायला मी रस्त्यावर गेलो आणि खाली लागली. फार लागली."

बायने वाटीत बघितलं. चमचा तसाच हातात. "असं होय," ती म्हणाली. "मला कळलं नाही."

दोघांना वाटलं, टोमणा आहे.

"खरंच कळलं नाही. मला वास येत नाही. चवही नाही. कोरोना झाला होता ना, तेव्हापासून. तिखट झोंबतं तेवढं समजतं, बाकी सगळा कापूस."

"तीन वर्षं?" फ्लोरा म्हणाली. "आणि बोलला नाहीत?"

"येईल परत म्हणून थांबले. मग नाही आलं. जानेवारीत आंबलेली आमटी खाल्ली, मला काय माहीत आंबलीय म्हणून. दोन दिवस सलाइन लावलं होतं."

"जानेवारीत तर तुम्ही शाळेतल्या बायकांबरोबर नाशिकला गेला होता."

"तसं तुला सांगितलं होतं."

"म्हणजे तुम्ही पण खोटं बोललात."

"मी हेडबाई होते," बाय म्हणाली. "मला चालतं."

फ्लोराला हसू आलं. सॅमसनला आलं नाही. "मग गेल्या वर्षी तांदूळ ओळखलास कसा?"

"तांदूळ कुठला ओळखते मी. तुला ओळखलं. पाऊण तास पाटावर बसून होतास, एकदासुद्धा उठला नाहीस. साठ वर्षांत असा बसलेला मी तुला पाहिला नव्हता. म्हटलं, याने काहीतरी केलंय."

"आणि एवढ्यासाठी वर्षभर बोलली नाहीस?"

बायने चमचा वाटीत ठेवला. खालून सारिकाकडच्या टाळ्या ऐकू येत होत्या. "त्या दिवशी मी तुला सांगायला आले होते," ती म्हणाली. "मुरबाडहून येताना सगळं मनात जुळवलं होतं. म्हटलं, सॅमसनला सांगायचं, की मला आता दुसऱ्याच्या जिभेने जेवायचं आहे. तो चाखेल आणि सांगेल, हे नासलंय, हे चांगलं आहे. दुसरं कोण आहे मला? आणि त्याच दिवशी तू डोळ्यांत बघून..." तिने वाक्य सोडून दिलं. "फार लागलं रे मला."

सॅमसनला इतकी लाज वाटली, की मान वर होईना. त्याने खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसला. बायने वाटी त्याच्यापुढे सरकवली.

"आता नीट सांग. करपली म्हणजे कशी?"

त्याने तिच्याच चमच्याने घास घेतला. "जळका वास सगळीकडे आहे. कडवट लागते शेवटी. गूळ जास्त झालाय, फ्लोराने वास झाकायला घातला."

"सांगा, सांगा, तेही सांगा," फ्लोरा म्हणाली.

"नारळ गोड आहे," सॅमसन म्हणाला. "तांदूळ कोवळा आहे, दाताखाली लगेच फुटतो. आणि जळक्याच्या मागे हिरवा वास आहे."

"हिरवा म्हणजे कसला?"

त्याने विचार केला. घास तोंडात घोळवला. "पावसात एसटीची खिडकी उघडी असली की डोळखांबच्या चढावर येतो ना, दोन्ही बाजूंच्या शेतांवरून, तसा."

बायने चमचा भरला, डोळे मिटले आणि घास तोंडात धरून ठेवला. सॅमसन न हलता तिच्याकडे बघत होता.

"आला?" त्याने विचारलं.

"नाही," बाय म्हणाली. "पण कळला. पुढचा सांग."